पंच नसलेला खेळ: वडोदऱ्यात गोल्फचा हँडिकॅप मिळवताना

आमच्या क्लबात नव्या खेळाडूला शनिवार-रविवारी सकाळी मैदानावर सोडत नाहीत. आधी रेंजवर सराव करून प्रशिक्षकाचा होकार मिळवायचा, मग नियमांचा एक छोटा पेपर द्यायचा, मग एका ज्येष्ठ सभासदाबरोबर बॅग न घेता सगळं मैदान पायी फिरायचं आणि शेवटी त्यांच्याबरोबर खेळून कार्डं भरायची. एवढं पार पडलं की हँडिकॅप, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा (जितका जास्त तितके सवलतीचे फटके जास्त), मिळतो आणि मासिक स्पर्धेत नाव देता येतं. बरेच जण याला कटकट म्हणतात. मी त्यातून नुकतीच गेले आहे. मला ते सगळे महिने फार आवडले, आणि त्यात जे कळलं ते नव्यांइतकंच जुन्या सभासदांच्याही उपयोगाचं आहे असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वडोदऱ्याला गोल्फ नवा नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं मैदान प्रतापसिंहराव महाराजांनी युरोपियन पाहुण्यांसाठी करून घेतलं होतं. १९९० च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी ते नव्याने तयार करून लोकांना खुलं केलं, आणि ते स्वतः रणजी खेळलेले. तरीही दांडिया बाजारात वाढलेल्या आमच्या पिढीच्या घरी खेळ म्हणजे क्रिकेट. मोतीबागेवर सामना बघायला जायचं, विजय हजाऱ्यांच्या गोष्टी ऐकायच्या, आणि पंचाने बोट वर केलं की वाद संपला, हे आमच्या हाडात भिनलेलं. गोल्फकडे मी वळले ती २०२१ च्या ऑगस्टमध्ये. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या इतकी जवळ आली की आमच्या घरी ज्यांना पार (ठरलेले फटके) आणि बोगी (त्याहून एक जास्त) यांतला फरक माहीत नव्हता तेही पहाटे उठून बसले होते. ती चौथी आली. मधेच वादळामुळे खेळ थांबला होता, आणि एवढ्या ताणात ती मुलगी शांतपणे वाट पाहत राहिली, ते मला विसरता आलं नाही.

रेंजवरच्या सरावाबद्दल फार लिहीत नाही. तिथे प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं आणि प्रशिक्षकच त्यावर बोलू शकतो. खरी सुरुवात झाली पेपरपासून.

पेपर क्लबच्या बैठकीच्या खोलीत, एका संध्याकाळी. नियमपुस्तक उघडं ठेवून लिहायची मुभा होती. कॅप्टनसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, ‘‘पाठ करू नका. उत्तर कुठे सापडतं ते शिका. मैदानावर तुमच्याजवळ कुणी पंच येणार नाही.’’ नियम दोन संस्था मिळून ठरवतात, स्कॉटलंडमधली आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए. २०१९ मध्ये त्यांनी पुस्तक मुळापासून सुटसुटीत केलं, ३४ नियमांचे २४ झाले. २०२३ मध्ये अपंग खेळाडूंसाठीच्या बदलांचा पंचविसावा नियम मूळ पुस्तकात आला. आपल्याकडे अजूनही अनेक जण २०१९ च्या आधीच्या पुस्तकाने खेळतात. हरवलेला चेंडू पाच मिनिटं शोधतात, तर आता तीनच मिनिटं मिळतात. ड्रॉप करताना, म्हणजे चेंडू हातातून सोडून पुन्हा खेळात आणताना, हात खांद्यापर्यंत सरळ धरतात, तर आता चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा असतो. ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, पटिंग करताना (चेंडू भोकाकडे घरंगळवताना) भोकातला फ्लॅग काढलाच पाहिजे असं समजतात, तर तो भोकात ठेवूनही पटिंग करता येतं.

प्रश्न कॅप्टनसाहेबांनी मोठ्या विचाराने काढले होते. पहिलाच होता, तुमचा चेंडू फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) थांबला आहे, कुत्रा आला आणि चेंडू तोंडात धरून पळाला, तर काय? उत्तर असं की दंड नाही. चेंडू मूळ जागी ठेवायचा, नेमकी जागा माहीत नसेल तर अंदाजाने ठरवायची, आणि तोच चेंडू सहज परत मिळत नसेल तर दुसरा घ्यायचा. पण चेंडू धावत असताना कुत्र्याच्या पायाला चुकून लागला आणि वळला, तर जिथे थांबेल तिथूनच खेळायचं, नशीब चांगलं असो की वाईट. मला ही दोन टोकं फार योग्य वाटली. थांबलेला चेंडू जिथे असतो ती जागा तुमच्या हक्काची असते, धावणारा चेंडू अजून कुठलाच नसतो.

दुसऱ्या एका प्रश्नाला सगळी खोली हसली. धोकादायक प्राणी चेंडूजवळ असेल तर? नियम १६.२ मध्ये उदाहरणं दिली आहेत: विषारी साप, चावणाऱ्या मधमाश्या, मगरीच्या जातीचे प्राणी, लाल मुंग्या, अस्वलं. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्या माणसाला यातली मगर मुळीच परकी नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की मगर शहरातल्या सोसायटीत शिरल्याची बातमी आम्ही दर वर्षी वाचतो. अशा वेळी बिनदंड सुटका मिळते. धोका नसलेली सर्वांत जवळची जागा शोधायची आणि तिथून एका क्लबच्या (खेळायच्या काठीच्या) लांबीत ड्रॉप करायचा, भोकाच्या जवळ न जाता. मात्र चेंडू पाण्याच्या पेनल्टी एरियात (एरवी जिथून बाहेर यायला दंड पडतो अशा आखलेल्या भागात) असेल तर बिनदंड सुटका त्या एरियाच्या आतच घ्यावी लागते, बाहेर यायचं असेल तर एक फटका दंड. साप दिसल्यावर कुणी पुस्तक उघडत नाही हे खरं. पण आधी वाचलेलं असलं की माणूस चेंडू वाचवायला पुढे जात नाही, आणि नियमाचा हेतू तोच आहे.

खुंट्यांचा प्रश्न मात्र मी प्रत्येक क्लबाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला असता. पांढरी खुंटी म्हणजे हद्द. ती तुमच्या स्विंगच्या आड येत असली तरी उपटायची नाही आणि तिच्यामुळे बिनदंड सुटकाही मिळत नाही. लाल किंवा पिवळी खुंटी पेनल्टी एरिया दाखवते. ती आड आली आणि हलणारी असली तर काढा, फटका मारा, परत लावा. लाल खुंटीच्या आत चेंडू गेला तर एक फटका दंड घेऊन, चेंडूने हद्द जिथे शेवटची ओलांडली तिथून दोन क्लबच्या लांबीत ड्रॉप करता येतो. पिवळीला ही बाजूची सोय नाही, मागे जावं लागतं. पांढरी खुंटी उपटून फटका मारणारे सभासद मी पाहिले आहेत, आणि ते परत लावायला विसरले की पुढच्या चौघांच्या गटाला हद्दच कळत नाही.

प्रोव्हिजनलचाही, म्हणजे तात्पुरत्या जादा चेंडूचाही, प्रश्न होता. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला चेंडू झाडीत गेला, हरवला असेल किंवा हद्दीबाहेर गेला असेल असं वाटलं, तर पुढे जाऊन शोधण्याआधी दुसरा मारून ठेवावा. पण मारण्यापूर्वी ‘हा प्रोव्हिजनल’ असं स्पष्ट सांगितलं पाहिजे. न सांगता मारला तर तोच चेंडू खेळात येतो, एक फटका दंडासह, आणि पहिला नंतर फेअरवेच्या मधोमध सापडला तरी त्याचा उपयोग नाही. हरवलेल्या चेंडूसाठी मागे चालत जावं लागू नये म्हणून समिती दोन फटके दंडाचा एक स्थानिक नियमही लावू शकते. आमच्याकडे तो रोजच्या खेळात आहे, मासिक स्पर्धेत नाही. टीवर जाण्याआधी सूचनाफलक वाचायचा तो यासाठी.

मग आलं बॅगेशिवाय फिरणं. माझ्या मते या सगळ्या क्रमातला हा सर्वांत मोलाचा दिवस.

माझ्याबरोबर जे ज्येष्ठ सभासद आले त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणते. सत्तरी उलटलेली, चाल अजून ताठ. पहिल्या टीवर उभे राहून म्हणाले, ‘‘ताई, आज आपण खेळायला आलेलो नाही. आपल्या आधी जे खेळून गेले त्यांनी काय ठेवलंय ते बघायला आलोय.’’ आणि खरंच आम्ही तेच बघत गेलो. पहिल्याच फेअरवेवर हिरवळीत तळहाताएवढे उघडे चट्टे. हे डिव्हट. क्लब जमिनीत शिरून गवताचा पापुद्रा उडतो, त्यात काही वावगं नाही, पण ती जागा भरायची असते. थंड प्रदेशात उडालेला तुकडा परत बसवतात आणि तो रुजतो. आपल्याकडे मैदानांवर बहुतेक बर्म्युडा जातीचं गवत. ते जमिनीवरून आडव्या दोऱ्यांनी पसरतं आणि उडताना त्याचा बहुधा भुगाच होतो. म्हणून इथे खड्डा रेतीने भरायचा आणि पायाने सपाट करायचा. बाजूच्या दोऱ्या रेतीवरून पसरत येतात आणि खड्डा भरून काढतात. रेती भरली नाही तर खड्ड्याच्या कडा वाळतात, त्यात पाणी साचतं, आणि पुढच्या माणसाचा सरळ मारलेला सुंदर चेंडू नेमका त्यात जाऊन बसतो. त्याला सुटका नाही, कारण डिव्हटमधून बिनदंड सुटका नियमात नाही. तुमच्या आळसाचा दंड दुसरा भरतो.

आमच्याबरोबर एक तरुण कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) होता, खांद्याला फक्त रेतीची बाटली. तो मधे मधे थांबून चट्टे भरत होता आणि मला म्हणत होता, ‘‘बेन, रेती नाखो.’’ मी बाटली घेतली आणि पुढचे सगळे मीच भरले. आप्पा म्हणाले, कॅडीने भरायचे ते त्याच्या साहेबाचे, त्यातही साहेब स्वतः वाकला तर बिघडत नाही.

ग्रीनवर तर आप्पा गुडघ्यांवर बसले. उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर आदळतो तिथे खळगा पडतो, त्याला पिच मार्क म्हणतात. तो नीट करायची रीत बहुतेकांना उलटी माहीत असते. फोर्क (दुरुस्तीचा छोटा काटा) खाली खुपसून खळग्याचा तळ वर उचकटतात. दिसायला जागा सपाट होते, पण खालची मुळं तुटतात आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी ठिपका उरतो. खरी रीत अशी की फोर्क खळग्याच्या कडेला लावायचा, कडेचं गवत मध्याकडे ढकलायचं, चारी बाजूंनी तसं करायचं आणि वरून पटरच्या तळाने हलकेच थोपटायचं. मुळांना धक्का लागत नाही आणि गवत लवकर सावरतं. मग एवढ्यावर न थांबता, जवळपास दुसऱ्या कुणाचा राहिलेला दिसला तर तोही करायचा. २०१९ पासून ग्रीनवर बुटांचे ओरखडे, जनावरांच्या पावलांच्या खुणा, जुन्या भोकांच्या जागा असं जवळजवळ सगळं नुकसान पटिंगआधी दुरुस्त करायला परवानगी आहे. फक्त ग्रीनची निगा राखताना पाडलेली हवेची छिद्रं आणि जमिनीचा नैसर्गिक चढउतार तसाच ठेवायचा.

ग्रीनवरचे बाकीचे संकेत आप्पांनी चालता चालता करून दाखवले. दुसऱ्याचा चेंडू आणि भोक यांच्या मधल्या रेषेवर पाय द्यायचा नाही. सकाळचं ऊन तिरकं असतं तेव्हा आपली सावली कुणाच्या रेषेवर पडत नाही ना ते बघायचं. बॅग ग्रीनच्या त्या बाजूला ठेवायची जिकडून पुढच्या टीकडे जायचं आहे, म्हणजे चेंडू भोकात गेल्यावर परत मागे यावं लागत नाही. आकडे ग्रीनवर उभं राहून लिहायचे नाहीत, पुढच्या टीवर लिहायचे. मागचे लोक हातात क्लब धरून तुमची वाट बघत असतात. बंकरमध्ये (रेतीच्या खड्ड्यात) उतरताना उंच कडेने उडी मारायची नाही, सखल बाजूने, चेंडूच्या जवळून जायचं आणि निघताना आपल्या पावलांसकट सगळं रेकने सपाट करायचं. आप्पांनी एका बंकरकडे बोट दाखवलं. कुणीतरी आत जाऊन, मारून, सरळ पलीकडे चढून गेलं होतं, कड ढासळली होती आणि रेक दहा पावलांवर पडलेला. आप्पा काही बोलले नाहीत. आत उतरले आणि रेक घेऊन कामाला लागले.

आता ज्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे ते. फेअरवेच्या कडेला सकाळी बायका तण काढायला बसलेल्या असतात. डोकं खाली, पदर डोक्यावर, पाठ बहुतेक वेळा टीकडे. माळी पाइप ओढत असतात, गवत कापायचं यंत्र फिरत असतं आणि त्या आवाजात हाक ऐकू जात नाही. आमच्या क्लबचा नियम स्पष्ट आहे. मैदानावर काम करणाऱ्यांचा हक्क आधी. ते बाजूला होऊन हात करतील तेव्हाच मारायचं. चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर. आकड्यांत चिमुकला दिसतो, पण ड्रायव्हर या सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबवरून सुटलेला तो कठीण गोळा कपाळाला लागला तर काय होईल हे सांगायची गरज नाही. तरी एके सकाळी आमच्या पुढच्या गटातल्या एकाने तीन बायका बसलेल्या असताना, शंभर-सव्वाशे पावलांवरून, हाक न देता मारलं. चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला. ‘‘लागला थोडाच,’’ म्हणाला. आप्पांनी तिथल्या तिथे खेळ थांबवला, पुढे गेले, त्या बायकांची विचारपूस केली आणि मग त्या गृहस्थांना सगळ्यांसमोर सांगितलं की आज तुम्ही इथून परत जा. ते गेले. समितीकडे लेखी तक्रारही झाली. मला त्या दिवशी आप्पांबद्दल वाटलेला आदर शब्दांत मावत नाही.

चेंडू माणसांकडे जातोय असं दिसलं की ‘फोर’ अशी पूर्ण आवाजात आरोळी द्यायची. लाजायचं नाही, आणि लागणार नाही असं वाटलं तरी द्यायची. आरोळी ऐकू आली तर कुठून आली ते बघायला मान वर करायची नाही. डोकं दोन्ही हातांनी झाकून खाली वाकायचं. तण काढणाऱ्या बायकांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, त्या आरोळी ऐकून वर बघायच्या. आप्पांच्या आग्रहाने क्लबने सगळ्या कामगारांना एकत्र बसवून गुजरातीत हे समजावलं आणि आता त्यांना डोक्यावर हेल्मेट मिळालं आहे. हे आधीच व्हायला हवं होतं.

मग खेळून कार्डं भरायची पाळी आली. जागतिक हँडिकॅप पद्धत २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यानुसार पहिला हँडिकॅप मिळायला ५४ होल्सची कार्डं लागतात (होल म्हणजे टीपासून भोकापर्यंतचा एक टप्पा). तीन वेळा अठरा, किंवा नऊ-नऊ मिळून, कसंही चालतं. एकटीने खेळलेलं चालत नाही, बरोबर कुणीतरी असावं लागतं आणि कार्डावर त्याची सही. एका होलवर आकडा बेसुमार फुगला तर हँडिकॅप मिळेपर्यंत त्या होलचे जास्तीत जास्त पार अधिक पाच एवढेच धरतात, त्यामुळे एका वाईट होलने सगळं बुडत नाही. गणित तसं सोपं आहे. समजा मैदानाचं स्लोप रेटिंग (सामान्य खेळाडूला मैदान तुलनेने किती अवघड जातं त्याचं माप) ११३ आहे, जे प्रमाण मानलं जातं, आणि कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागावेत असे फटके) ७०. तुमचा जुळवलेला स्कोअर १०८ आला तर फरक ३८. तीन कार्डं झाली की त्यांतला सर्वांत कमी फरक घेतात आणि त्यातून दोन वजा करतात, म्हणजे ३६. पुढे वीस कार्डं जमली की त्यांतल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी. कमाल मर्यादा स्त्री-पुरुष दोघांनाही ५४. मला या पद्धतीचं एवढंच सांगायचं आहे की ती शंभर टक्के तुमच्या प्रामाणिकपणावर उभी आहे. आकडा फुगवलेला असला तर स्पर्धेत तुम्ही दुसऱ्याचं बक्षीस नेता. दडवलेला असला तर जोडीदाराला बुडवता.

गटात प्रत्येक जण दुसऱ्याचा मार्कर, म्हणजे त्याचं कार्ड भरणारा, असतो. मी ज्यांची मार्कर होते ते गृहस्थ खेळायला चांगले, स्वभावाने गोड. पण रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) चेंडूपाशी पोचले की बुटाने मागचं गवत दाबायचे आणि अर्ध्या हातावर राहिलेला चेंडू ‘गिमी’ म्हणून उचलायचे. मॅच प्लेमध्ये (होलागणिक जिंकायच्या खेळात) प्रतिस्पर्धी तो शेवटचा फटका माफ करू शकतो. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) चेंडू भोकात घालायलाच हवा, तिथे गिमी नाही. आणि चेंडूमागचं गवत दाबून जागा सुधारली तर दोन फटके दंड. मी आप्पांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, ‘‘पुढच्या टीवर जाण्याआधी बोला. हळू आवाजात. त्यांचा अपमान होऊ नये, पण कार्डावर खोटं जाऊ नये.’’ मी तसंच बोलले. ‘‘अहो, यात कुठे मोठी टूर्नामेंट आहे?’’ असं ते म्हणाले. मी म्हटलं, कार्ड हँडिकॅपचं आहे आणि खाली माझी सही आहे. थोडा वेळ अबोला राहिला. पुढच्या होलवर त्यांनी शेवटचा छोटा पट भोकात घातला आणि दंडाचे दोन फटके स्वतःच सांगून लिहून घेतले. आजही आम्ही एकत्र खेळतो.

सहीचं मोल आप्पांनी मला १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेची हकिगत सांगून पटवलं. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेंझोने शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर तीन फटके घेतले. त्याचा मार्कर टॉमी आरनने कार्डावर चार लिहिले. विसेंझोने न तपासता सही केली. नियम असा की जास्त लिहिलेला आकडा तसाच धरायचा. प्रत्यक्षात ६५ झालेले ६६ धरले गेले आणि बॉब गोल्बीबरोबरचा प्लेऑफ (बरोबरी सोडवणारा खेळ) त्याच्या हातून निसटला. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. आकडा कमी लिहिला असता तर तो बादच झाला असता. बेरीज समिती करते, पण होलागणिक आकडा बरोबर असण्याची जबाबदारी खेळाडूची. म्हणून खेळ संपल्यावर शेवउसळीच्या गाडीकडे धाव घेण्याआधी पाच मिनिटं बसून मार्करबरोबर एकेक होल वाचायचा, मगच सही.

वेगाबद्दल थोडं. नियमपुस्तकात शिफारस आहे की आपली पाळी आल्यावर, अडथळा नसताना, चाळीस सेकंदांत मारावं. स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार आहे आणि ज्याच्या मारण्याने कुणाला धोका नाही त्याने आधी मारलं तरी चालतं. आपली जागा मागच्या गटावरून ठरवायची नाही, पुढच्या गटावरून ठरवायची. तुमच्यापुढे एक अख्खा होल रिकामा पडला असेल तर तुम्ही मागे पडलात, मागे कुणी असो वा नसो. मागचे वेगवान असतील तर बाजूला उभं राहून हाताने बोलवायचं, त्यात कमीपणा नाही. वडोदऱ्याच्या मे महिन्यात हे शिष्टाचारापुरतं राहत नाही. पहिला गट रेंगाळला तर शेवटचा गट आणि त्याचे कॅडी अकराच्या उन्हात सापडतात. कॅडीला पाणी द्या, टोपी आहे का बघा, ठरलेले पैसे खेळ संपताच द्या.

पावसाळ्याचे नियम वेगळे लक्षात ठेवावे लागतात. साचलेल्या पाण्यातून बिनदंड सुटका मिळते. फेअरवेत किंवा रफमध्ये चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतला तरी मिळते. समितीने ‘प्रिफर्ड लाय’ जाहीर केला असेल तर फेअरवेवर चेंडू उचलून, पुसून जवळ ठेवता येतो. किती जवळ ते फलकावर लिहिलेलं असतं, कुठे सहा इंच, कुठे स्कोअरकार्डाची लांबी. आणि भोंगा. एक लांब भोंगा म्हणजे ताबडतोब थांबा, सुरू केलेला होलही पुरा करू नका. तीन भोंगे म्हणजे साधी स्थगिती, गटाने ठरवलं तर चालू होल पुरा करता येतो. दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. विजेच्या वेळी लांब भोंग्यानंतर ‘एवढा एक पट मारून घेतो’ म्हणणाऱ्याला स्पर्धेतून बाद करता येतं, आणि करावंच. झाडाखाली उभं राहायचं नाही, छत्री उघडायची नाही, क्लब हातात धरायचे नाहीत.

माझा हँडिकॅप पावसाळ्यापूर्वी आला. कॅप्टनसाहेबांनी यादीत नाव घातलं आणि आप्पांनी मला एक फोर्क भेट दिला, साधा, दोन दातांचा.

त्यानंतर मी समितीला एक अर्ज दिला आहे. नव्या सभासदाला जसं बॅगेशिवाय मैदान फिरवतात तसं जुन्या सभासदांनीही वर्षातून एकदा फिरावं, आणि त्या दिवशी माळ्यांपैकी एकाने बरोबर राहून कुठे काय बिघडलं ते दाखवावं, असं त्यात म्हटलं आहे. हँडिकॅपचं नूतनीकरण याच्याशी जोडावं अशीही विनंती आहे. काही जणांना ते जाचक वाटतं, पण आप्पांनी पहिली सही केली, आणि ज्यांचं कार्ड मी भरत होते त्या गृहस्थांनी दुसरी. अर्जाची प्रत स्टार्टरच्या (पहिल्या टीवरून गट सोडणाऱ्याच्या) टेबलावर ठेवली आहे. समितीची बैठक नवरात्रानंतर आहे, तोवर सभासदांपैकी ज्यांना सही करायची असेल त्यांनी तिथे करावी.